खंडेनवमीला धुतलेले डबे

उज्वला नेमकं काय काम करते हे तिच्या घरात कुणालाच धड सांगता येत नसे. सासूबाई नांदेडच्या गल्लीत सांगायच्या, "आमची सून कारखान्याच्या वायरी जोडती." नवरा म्हणायचा, कॉम्प्युटरचं काहीतरी आहे. पूर्वी ती खुलासा करायची, आता तेही सोडून दिलं होतं. यंत्रांनी एकमेकांशी बोलावं आणि त्यांचं बोलणं माणसाला एका स्क्रीनवर वाचता यावं, एवढंच तिचं काम. यंत्रं बोलेनाशी झाली की माणसं तिच्याशी बोलायची, आणि बहुतेक वेळा ओरडूनच बोलायची. सरकी, मिरची, डाळ, मराठवाड्यात जिथे जिथे काही कांडतात, भरडतात किंवा वाळवतात तिथली धूळ तिच्या नाकात जाऊन आलेली होती. चाळिशी ओलांडल्यापासून कंबरही बोलायला लागली होती, आणि कंबरेचं म्हणणं एकच, की बाई, आता पुरे.

त्या दिवशी ती लातूरला वसंतरावांच्या दालमिलमध्ये पोचली तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. अहमदपूरच्या अलीकडे एसटी बंद पडली, मग दुसऱ्या गाडीत उभ्यानं यावं लागलं. काम मात्र किरकोळ होतं. ड्रायरच्या स्क्रीनला कुलूप घालायचं, म्हणजे पासवर्ड टाकायचा, मालकाशिवाय कुणालाही वाफ कमीजास्त करता येऊ नये असा.

"माणसाच्या हातात आता काही ठेवायचंच नाही, ताई," वसंतराव म्हणाले. "लई अनुभव घेतला."

वसंतरावांनी साठी ओलांडलेली. वडिलांच्या पिठाच्या गिरणीतून त्यांनी ही दालमिल उभी केली होती. माणूस वाईट नव्हता. कामगारांच्या पोरींच्या लग्नांना जायचा, कुणाला दवाखान्यात न्यायचं असेल तर स्वतःची गाडी काढून द्यायचा. फक्त एकदा एखादं मत झालं की त्यावर झाकण ठेवायचा आणि झाकणावर स्वतः बसायचा.

"शिवकुमार दिसत नाही?" उज्वलानं विचारलं.

"काढला त्याला."

उज्वलाचा हात बॅगेच्या चेनवरच राहिला. शिवकुमार चाकूरचा. मिल सुरू झाल्यापासून ड्रायर तोच सांभाळत होता. ओली तूर वाफेच्या गरम हवेवर वाळवायची, फार वाळली तर करपते, कमी वाळली तर भरडताना चुरा होतो. स्क्रीन येण्यापूर्वी तो ड्रायरपाशीच उभा असायचा. स्क्रीन आली तशी वसंतरावांनी काचेची केबिन बांधली, खुर्ची आणली आणि शिवकुमारला आत बसवलं. तिथे चार ड्रायरचे चार आकडे दिसत, बटण दाबलं की हव्या त्या ड्रायरची वाफ वाढे. केबिनच्या उद्घाटनाला पेढे वाटले होते, आणि शिवकुमारनं त्या खुर्चीला आधी नमस्कार केला होता.

"दसरा झाल्यावर थोड्याच दिवसांत दोन नंबरमधली सगळी खेप करपली," वसंतराव सांगू लागले. "वास आला म्हणून मी पळत गेलो, तर डाळ पार काळी. स्क्रीनवर बघितलं. दोन नंबरची वाफ याच गड्यानं वाढवलेली, एकदा नाही, तीनदा. पूर्ण उघडून ठेवली आणि बसला झोपून. आता झोपला नसता तर कळलं नसतं का? पण कबूल करायला तयार नाही. म्हणतो, दोन नंबर गारच दिसत होता."

"तापमानाचा जुना आलेख बघितलात?"

"तो कुठं आहे? ते महागातलं पॅकेज होतं ना, आपण नाही घेतलं." वसंतरावांनी केबिनकडे बोट केलं. "पण बटणांची नोंद आहे ना. स्क्रीन काय खोटं बोलते का? तुम्हीच सांगितलं होतं त्या दिवशी."

सांगितलं होतं खरं. प्रत्येक उद्घाटनाला ती तेच सांगते, जसं दुकानदार प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो की रंग जाणार नाही. पेढा तोंडात असताना माणूस दुसरं काय सांगणार.

पासवर्डचं काम झटक्यात झालं. तिची एक सवय होती, कुठल्याही स्क्रीनला हात लावला की निघण्यापूर्वी प्रत्येक जोडणी एकेक करून तपासायची. आज तीही टाळावी असं मनापासून वाटत होतं. पण नांदेडच्या गाडीला वेळ होता आणि स्टँडवरच्या बाकापेक्षा मिल बरी. तिनं वॉचमन केरबाला केबिनमध्ये स्क्रीनसमोर उभं केलं आणि स्वतः ड्रायरकडे गेली.

प्रत्येक ड्रायरशेजारी भिंतीवर तळहाताएवढा एक डबा होता. त्याला आकडा दाखवणारी काच नाही, फक्त एक लुकलुकता दिवा. डबा ड्रायरचं फक्त तापमान मोजायचा आणि केबिनमधल्या मुख्य यंत्राला कळवायचा, वाफेची वायर वेगळी होती. हे कळवणं कसं चालतं ते तिनं आजवर इतक्या जणांना सांगितलं होतं की आता ते तिला पाढ्यासारखं पाठ झालं होतं. शाळेत गुरुजी मान खाली घालून हजेरी घेतात, तसं. मुख्य यंत्र पुकारतं, एक. एक नंबरचा डबा आपलं तापमान सांगतो आणि गप्प बसतो. मग दोन, मग तीन, मग चार, आणि पुन्हा पहिल्यापासून. चौघांना मिळून वायर एकच, म्हणून एका वेळी एकानंच बोलायचं, आणि तेही विचारल्यावर. स्वतःहून कुणी तोंड उघडायचं नाही. या रीतीला मॉडबस म्हणतात. रीत फार जुनी आहे, पण सरळ आहे, म्हणून अजून टिकून आहे.

तिनं एक नंबरच्या डब्याची पिन काढली. "केरबा, कोणता आकडा गेला?"

"एक गेला, ताई."

पिन परत लावली. दोन नंबरची काढली. "आता?"

"तीन गेला."

"नीट बघा. दोन गेला असेल."

"दोन हाय की. तीन गेला."

केरबाला चष्मा लागलेला होता आणि तो घरी होता, हे तिला ठाऊक होतं. ती स्वतः केबिनपर्यंत चालत गेली. स्क्रीनवर दोन नंबरचा आकडा ठणठणीत होता आणि तीन नंबरच्या जागी नुसत्या रेघा. मग तिनं परत जाऊन तीन नंबरच्या भिंतीवरच्या डब्याची पिन काढली. तिकडून केरबा म्हणाला, "आता दोन गेला बघा."

तिनं दोन नंबरच्या भिंतीवरचा डबा पूर्ण काढून हातात घेतला. तिनं चिकटवलेली नंबरची पट्टी त्यावर नव्हती. कडेला डिंकाचा नुसता पुसटसा डाग राहिला होता. डबा उलटा केला तर पाठीवर, जी बाजू भिंतीला टेकलेली असते तिथे, हळदीकुंकवाची दोन बोटं होती. सुकलेली, पण स्पष्ट.

"केरबा, हे डबे कुणी काढले होते?"

"मालकानं." केरबाला त्यात विशेष काही वाटलं नाही. "खंडेनवमीला. त्या दिशी आमी कुनी मशिनीला हात लावायचा नसतोय. मालक सवता समद्या मशिनी धुतेत, पुसतेत, अन् आमी बसून जिलबी खायची. मोठ्या मालकापासनं हाय ते. बारकं बारकं सामान तर पाटावर मांडून पूजा करतेत. हे डबे बी व्हते पाटावर. लई शोभून दिसत व्हते झेंडूत."

उज्वला शेजारच्या पोत्यावर बसली. डब्याचा नंबर भिंतीवर नसतो, तो डब्याच्या पोटात साठवलेला असतो. डबा जिथे न्याल तिथे त्याचा नंबर त्याच्याबरोबर जातो. दोन पोरांनी बाकं बदलली तरी मान खाली घातलेल्या गुरुजींना पत्ता लागत नाही, ते आपले नंबर पुकारत राहतात. वसंतरावांनी डबे ओल्या फडक्यानं श्रद्धेनं पुसले, त्यात पट्ट्या निघून गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी परत लावताना दोन आणि तीनची अदलाबदल झाली. तेव्हापासून स्क्रीनवरचा दोन म्हणजे खरा तीन होता. सगळे ड्रायर एकदम भरले की आकडे जवळपास सारखेच असतात, कुणाच्या लक्षात येण्याचं कारणच नव्हतं.

"डाळ जळली त्या दिवशी तीन नंबरमध्ये काय होतं, आठवतं का?"

"तीन नंबर मागनं भरला व्हता. ओली तूर आली व्हती ना. हमाल ओरडत व्हते, वजन लई हाय म्हनून."

एवढं पुरे होतं. तीनमध्ये ओला गार माल पडला. स्क्रीन म्हणाली, दोन गार आहे. शिवकुमारनं दोनची वाफ वाढवली. आकडा हलेना, चढत होता तो तीनचा. त्यानं आणखी वाढवली. केबिनमध्ये बसून तो डोळ्यात तेल घालून ज्या आकड्याकडे बघत होता, तो त्या ड्रायरचा नव्हताच.

चूक सापडली की पूर्वी उज्वलाला उकडत्या दुपारी गार पाणी मिळाल्यासारखं वाटायचं. आज तसं काही वाटलं नाही. आता हे मालकाला सांगायचं, ते समजावायचं, त्यांचं तोंड पडलेलं बघायचं, आणि वर गाडी गाठायची, याचाच तिला शीण आला. आणि रागही आला, पण कुणावर धरावा ते कळेना. पूजेवर धरावा असं तर काही नव्हतं. तिनं डबे आपापल्या जागी लावले, काळ्या मार्करनं डब्यावर आणि भिंतीवर ठळक नंबर लिहिले आणि ऑफिसकडे निघाली.

वसंतरावांनी सगळं ऐकून घेतलं. मग दोन्ही तळहात टेबलावर उताणे ठेवून त्यांच्याकडे बघत राहिले.

"म्हणजे मी," ते म्हणाले. "माझ्या हातानं."

"मुद्दाम थोडंच केलं, काका."

"मुद्दाम नाही. पण त्या गड्याला मी चारचौघांत नाही नाही ते बोललो, ते मुद्दामच बोललो." मग त्यांच्यातला मालक जागा झाला. "रिपोर्टात काय लिहिणार तुम्ही?"

"झालं ते."

"कम्युनिकेशन फॉल्ट लिहा. ते काही खोटं नाही."

"खोटं नाही. पण पुरतं खरंही नाही."

"ताई, माझं वय बघा. उद्या हमालसुद्धा हसतील. पुढच्या खंडेनवमीला कोणत्या तोंडानं पूजेला बसू?" त्यांचा आवाज एकदम म्हातारा झाला. "शिवकुमारला घेतो की परत कामावर. सोमवारी ये म्हणावं. तुम्ही चाकूरवरनंच जाताय ना? तेवढं सांगून जा."

"तुम्हीच बोला ना त्याच्याशी."

"मी काय बोलू त्याला?"

हे त्यांनी खरोखरच विचारलं होतं, टाळण्यासाठी नव्हे. उज्वलाकडे वाद घालायची ताकद नव्हती. रिपोर्टात तिनं झालं ते दोन ओळींत लिहिलं, पूजा, डबे, अदलाबदल, आणि सही करून कागद त्यांच्यासमोर ठेवला. वसंतरावांनी तो वाचला आणि पेपरवेटखाली सरकवला.

एसटीत खिडकीची जागा मिळाली तेव्हा तिनं ठरवून टाकलं की शिवकुमारला मेसेज करायचा. 'तुमची चूक नव्हती, सोमवारी कामावर जा.' एवढं लिहूनही झालं. पण शिवकुमारकडे स्वतःचा फोन नव्हता, मेसेज त्याच्या मुलाच्या फोनवर जाणार, मुलगा पुण्याला, तो कधी वाचणार आणि बापाला काय सांगणार. इकडचं तिकडे पोचवता पोचवता काय काय गळतं ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार. चाकूरचा स्टँड आला तशी ती स्वतःवरच चरफडत उतरली. पुढची गाडी कधी आहे हेही विचारलं नाही.

शिवकुमार आडतीत सोयाबीनची पोती शिवतो असं पानवाल्यानं सांगितलं. आडत जवळच होती. थप्पीच्या सावलीत तो मांडी घालून बसला होता, हातात दाभण आणि सुतळी, पुढ्यात पोत्यांची तोंडं. त्याच्याजवळच त्याची बायको गुणाबाई बसली होती. तिच्या हातात काही काम नव्हतं. ती नुसती त्याच्याकडे बघत बसली होती.

"म्याडम, तुमी?" शिवकुमार उठायला लागला.

"बसा, बसा. वहिनी, तुम्हीपण इथेच कामाला?"

"मला कशाचं काम," गुणाबाई म्हणाली. "यांच्याजवळ बसते. डोळा लागतोय ना यांचा. दाभण हातात असतंय, कुठं टोचून घेतलं तर."

उज्वलानं शिवकुमारकडे बघितलं. तो दाभणाकडे बघत होता.

"डोळा लागतो?"

"हाव, म्याडम. मला कळत न्हाई, पर लागतोय." तो हे असं सांगत होता जसं कुणी आपलं रक्त तपासलं आणि साखर निघाली असं सांगतं. "पयल्या दिशी मी बी म्हनलो, मालक, मी जागा व्हतो. मालक म्हनले, बटन तू दाबलं का? म्हनलं हाव. मंग डाळ जळस्तोर काय करून राहिला व्हतास? आता ह्याचं उत्तर माझ्यापाशी न्हवतं. घरी येऊन लई इचार केला. मशीन तर झोपत न्हाई. मंग मीच झोपलो असनार. दुसरं काय?"

"आता नातवालाबी घेत न्हाईत कडेवर," गुणाबाई म्हणाली. "पडंल म्हनतेत."

उज्वला एका रिकाम्या पोत्यावर टेकली आणि तिनं सांगायला सुरुवात केली. डबे, नंबर, खंडेनवमी, ओली तूर. हजेरीची गोष्टही सांगितली. आयुष्यात इतक्या सोप्या शब्दांत तिनं मॉडबस कुणालाच समजावला नव्हता. शिवकुमारनं मधे एकदाही तोंड उघडलं नाही. शेवटी तो हसला, पाहुण्याला वाईट वाटू नये म्हणून हसतात तसा.

"तुमी चांगल्या हात, म्हनून सांगून राहिल्या. पर म्याडम, तुमीच म्हनल्या व्हत्या ना, स्क्रीन खोटं बोलत न्हाई."

"चुकले मी."

"तुमी कशाला चुकताल."

काय करावं माणसाचं? तिचा जीव रडकुंडीला आला. ज्या गोष्टीसाठी ती गाडी सोडून उतरली, ती गोष्ट समोरचा माणूस घ्यायलाच तयार नव्हता. अंगावरची धूळ, कंबर, अहमदपूरची ती बंद पडलेली एसटी, सगळं एकदम तिच्या मानेवर येऊन बसलं. इतक्या दिवसांत याला सगळ्यांनी सांगितलं होतं. मालकानं सांगितलं, हमालांनी सांगितलं, आता ती सांगत होती. उत्तर ऐकायचं म्हणून विचारलं कुणीच नव्हतं. आणि न विचारता बोलायची याला सवयच नव्हती.

तिनं फोन काढून वसंतरावांना लावला आणि स्पीकर सुरू केला. घंटी बराच वेळ वाजली. शिवकुमारनं दाभण पोत्यात खोचलं आणि सावरून बसला.

"बोला ताई. पोचलात का?"

"चाकूरला आहे, काका. शिवकुमार समोर आहे."

पलीकडे मिलचा आवाज येत होता. भरडणी चालू होती.

"काय म्हणतो?" वसंतराव म्हणाले. "सांगितलं का त्याला सोमवारचं?"

"त्याला काही सांगू नका. समजावूही नका. त्या दिवशी जे विचारायचं राहिलं तेवढं फक्त विचारा."

ते फोन ठेवतील असं तिला वाटलं, आणि ठेवला तर पुन्हा लावायचा नाही असंही तिनं ठरवलं. मग पलीकडे दार लावल्याचा आवाज आला आणि भरडणीचा आवाज मागे पडला.

"शिवकुमार."

"जी, मालक."

"त्या दिवशी..." वसंतराव म्हणाले. "डबे मीच लावले होते रे उलटे. ते राहू दे. मला सांग, त्या दिवशी तू जागा होतास का?"

शिवकुमार गुणाबाईकडे बघत होता, आणि तीही त्याच्याकडे. थप्पीच्या पलीकडे हमाल वजन पुकारत होते. त्यानं दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट धरले.

"हाव, मालक," तो म्हणाला. "जागा व्हतो. त्या आकड्याकडंच बघत व्हतो."

"बरं," वसंतराव म्हणाले. "बरं."

शिवकुमारनं दाभण पुन्हा हातात घेतलं तशी गुणाबाई उठली, लुगड्याची माती झटकली आणि मागे न बघता घराकडे निघून गेली.